बेहड्याखालचं कथामंडळ आणि दादासाहेब वाघ

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. ओढा होता, काळा कातळ होता, करवंदाच्या जाळ्या होत्या आणि एक कथामंडळही होतं. जंगलात कथामंडळ कशाला, असं विचारू नका. चार जण रिकामे बसले की पाचवा कथा वाचायला काढतोच. त्या जंगलात कागद मिळत नसे, म्हणून सगळे सागाच्या पानांवर लिहीत. एवढाच काय तो फरक.

मंडळ दर आठवड्याला दुपारच्या सावलीत बेहड्याच्या झाडाखाली जमायचं. अध्यक्ष होते आबासाहेब गवे. त्यांची एक कथा फार वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावरच्या वार्षिक अंकात छापून आली होती. ती कोणी वाचली नव्हती. पण ती आली होती हे सगळ्यांना पाठ होतं, कारण आबासाहेब दर बैठकीत ते सांगायचे. चिटणीस होत्या वत्सलाबाई टिटवी. वाचणाऱ्याची वेळ संपली की त्या ओरडत. संपली नसली तरी ओरडत. भुजंगराव रानडुक्कर चिखलातल्या जीवनाचं जळजळीत चित्रण करायचे. आणि दिगू भेकर विनोदी लिहायचा. वाचताना तो स्वतः आधी हसायचा, त्यामुळे विनोद कुठे आहे ते बाकीच्यांना कळायचं.

आणि सारजा साळिंदर.

सारजाला गोष्टी सांगायची भारी हौस. पण तिच्याजवळ बसणार कोण? काटे टोचतील म्हणून शेजारीपाजारी चार हात लांब बसत, आणि चार हातांवरून गोष्टीतली खरी गंमत ऐकू येत नाही. म्हणून बिचारी मंडळात आली. इथे तिचं ऐकायचे, पण इथे तिची दुसरीच खोड उघडी पडली. कथा कशी वाटली असं विचारलं, की ती कशी वाटली ते सांगायची.

"आबासाहेब, तुमच्या कथेत नायक तीनदा शिंगं उगारतो आणि तीनदा खाली घेतो. मारा तरी, नाहीतर घरी तरी जाऊ द्या त्याला."

आबासाहेब जोरात श्वास सोडायचे आणि दोन पावलं लांब सरकायचे. स्पष्टवक्तेपणा हा मोठा गुण आहे, मुलांनो. अंगावर काटे असले की तो विशेष शोभतो.

मंडळात आणखी एक जण यायचे. सोनबा चितळ. वय झालेलं, एक शिंग मोडलेलं. ते काहीच लिहीत नसत. बेहड्याच्या मुळाशी येऊन बसायचे आणि ऐकायचे. गोष्ट रंगली की त्यांचे कान पुढे यायचे, रेंगाळली की मागे पडायचे. सारजा वाचताना पानाकडे कमी आणि त्या कानांकडे जास्त बघायची. कान मागे पडले, की घरी जाऊन तेवढा भाग खोडायची. वत्सलाबाईंच्या हजेरीत मात्र सोनबांचं नाव नव्हतं. जो लिहीत नाही तो सभासद कसला?

असं सगळं छान चाललं होतं. आणि एका दुपारी वारा फिरला.

दिगू भेकराची कथा चालू होती. तो स्वतःच्या विनोदाला हसायला म्हणून तोंड उघडायला आणि नाकात तो वास शिरायला एकच गाठ पडली. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. करवंदाच्या जाळीतून वाघ बाहेर आला. तोंडात सागाच्या पानांची भलीमोठी चळत.

चळत खाली ठेवून तो अगदी नम्रपणे म्हणाला, "नमस्कार. बसा, बसा. मीही थोडंफार लिहितो."

सगळे बसलेच. वाघाने बसा म्हटल्यावर उठणार कोण?

"या, या, दादासाहेब," आबासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून वाघाचं नाव दादासाहेब पडलं.

दादासाहेबांनी कथा वाचली. तिचं नाव होतं 'चांदण्यातलं कमळ'. एक कमळ होतं. ते चांदण्यात होतं. ते फार सुंदर होतं. किती सुंदर होतं ते शब्दांत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि हेच सांगायला दादासाहेबांना पुष्कळ शब्द लागले. मग कमळ रडलं. ते पाहून चंद्र रडला. चंद्र रडतोय म्हणून तळंही रडलं. त्या अश्रूंनी तळं इतकं भरलं की कमळ बुडालं. कथा संपली.

"कशी वाटली?" दादासाहेबांनी मिशीवरून जीभ फिरवत विचारलं. "मोकळेपणाने सांगा. मला वाईट वाटणार नाही."

मंडळाचा नियम असा होता, की आधी दोन गोड शब्द बोलायचे आणि मग एक कडू. त्या दिवशी गोड शब्दांनाच इतका वेळ लागला की कडूपर्यंत कोणी पोचलंच नाही.

"तरल," आबासाहेब म्हणाले. "फारच तरल."

"कमळ शेवटी आमच्या चिखलातलंच," भुजंगराव म्हणाले. "त्यामुळे मला तर ते घरचंच वाटलं."

"मी... मी..." दिगू म्हणाला. यापुढे त्याला काही सुचलं नाही. पण ते गहिवरल्यासारखं दिसलं.

सारजाने तोंड उघडलं. ते पाहताच आबासाहेब आपला अवाढव्य देह घेऊन तिच्या आणि वाघाच्या मधे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वेळेअभावी उरलेली चर्चा पुढच्या बैठकीत."

दादासाहेब खूश होऊन गेले. पुढच्या आठवड्यात ते 'कमळाचं चांदणं' घेऊन आले. त्यापुढच्या आठवड्यात 'चांदणं, कमळ आणि मी'.

भुजंगराव चिखलातले असले तरी डोक्याने चलाख. वाघ नसताना त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"एक गोष्ट ध्यानात आली का? हा लिहायला लागल्यापासून जंगलात शिकार झालेली नाही."

खरंच की! भेकर हे जंगलाचं राखणदार. वाघ दिसला की त्याने भुंकायचं आणि सगळ्यांनी पळायचं. पण दिगूच्या घशाला कित्येक दिवसांत काम नव्हतं.

"लिहायला आणि मारायला पंजा एकच लागतो," भुजंगराव म्हणाले. "म्हणून याला लिहितं ठेवा. वाहवा करा. पाहिजे तर डोळे पुसा."

"पण कथा वाईट आहेत," सारजा म्हणाली.

"वाईट आहेत तेच बरं," आबासाहेब म्हणाले. "चांगली कथा लवकर संपते. सारजा, तू एक काम कर. काही बोलू नकोस. तुला काटे आहेत बाई, आम्हाला नाहीत."

सारजाने तसा शब्द दिला. ती गप्प बसायला लागली. तुम्ही कधी खरं बोलणाऱ्याला गप्प बसलेलं पाहिलंय का? फार त्रास होतो. तिचं पोट दुखायचं. वाघ वाचायला लागला की ती पंजाने माती उकरत बसायची. बेहड्याखाली केवढा तरी खड्डा झाला.

दादासाहेब मात्र लिहीत सुटले. दिवस दिवस उठत नसत. अगदीच भूक लागली तर ओढ्यातले खेकडे खात, नाहीतर एखादा मेलेला मासा. बरगड्या दिसायला लागल्या. आबासाहेब म्हणायचे, "साहित्यिकाचं पोट असंच असायचं." जंगलात पाडसं वाढली, गवत पुरेना. आणि मंडळाची सगळी दुपार दादासाहेबांच्या कमळात जायला लागली. बाकी कोणाची पाळीच येईना. सारजाची एक नवी गोष्ट केव्हाची तयार होऊन पडली होती. पानं वाळून कुरकुरीत झाली. सोनबा यायचे, बसायचे. त्यांचे कान मागे पडले होते ते तसेच होते. पण तिकडे बघत होतं कोण?

एके दिवशी सकाळी सारजा बिळातून बाहेर आली, तर दारात दादासाहेब.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "मी काट्यांच्या वाटेला जात नाही. लहानपणी एकदा गेलो होतो. बोलायला आलोय."

"बोला."

"सगळे मला छान म्हणतात. पण त्यांच्या आवाजात मला भीती ऐकू येते. भीती ओळखायचं तर माझं पिढीजात काम आहे. तू एकटी काही बोलत नाहीस. तू खरं सांग."

सारजाने मान फिरवली. आबासाहेबांना शब्द दिला होता.

"सारजाबाई," वाघ हळूच म्हणाला, "मी रोज लिहितो. जेवण सोडून लिहितो. आणि ते कोणाच्याच काळजाला भिडत नाही, हे मला कळतं. का भिडत नाही, तेवढं मात्र कळत नाही. मला कोणीच सांगणार नाही का?"

आता मुलांनो, लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्याला असं विचारल्यावर किती वेळ गप्प बसणार?

"दादासाहेब," सारजा म्हणाली, "तुम्ही कमळ पाहिलंय का?"

दादासाहेबांनी बराच विचार केला. "नाही. पण कथेत असावं लागतं असं ऐकलंय."

"ज्याची ओळख नाही त्याच्याबद्दल कशाला लिहिता? जे पोटातून माहीत आहे ते लिहा."

"पोटातून," दादासाहेब पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि गेले. सारजाला फार दिवसांनी हलकं वाटलं. पोटही दुखायचं थांबलं. आपण कोणाला काय सांगितलं, याचा तिने त्या वेळी विचार केला नाही. सल्ला देणारे सहसा करत नाहीत.

पुढच्या बैठकीला दादासाहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीला आले ते भरल्या अंगाने. कातडी चकाकत होती. हातात मोजकीच पानं.

कथेचं नाव होतं 'सकाळ'.

कमळ नव्हतं. चंद्र नव्हता. दव पडलेलं गवत होतं आणि त्यात पोट टेकून पडलेला कोणीतरी होता. वारा समोरून होता. पलीकडे एक रानडुक्कर कंद उकरत होतं. कंद सापडला की ते डोळे मिटून चावायचं, आणि डोळे मिटले की पडलेला एक पाऊल पुढे सरकायचा. कंद गोड होता. म्हणून डोळे मिटलेले राहिले.

कथा तिथेच संपली.

सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता. सोनबांचे कान पुढे आले होते आणि मागचे पाय पळायला निघाले होते. कोणाचं ऐकावं ते त्यांना कळत नव्हतं.

भुजंगरावांना हुंदका आला. "हा आमचा रंगनाथ. चुलतभाऊ माझा. तो असंच खायचा. डोळे मिटून."

"माफ करा," दादासाहेब म्हणाले. "नाव माहीत नव्हतं."

भुजंगरावांनी नाक पुसलं. "शैली चांगली आहे. फक्त... वहिनींचा उल्लेख यायला हवा होता."

"त्यांची गाठ पडली नाही," दादासाहेब म्हणाले. "पुढच्या कथेत बघू."

"नको, नको," भुजंगराव घाईघाईने म्हणाले. "नसला उल्लेख तरी चालेल."

"सारजाबाई, तुमचं काय मत?"

सगळ्यांनी सारजाकडे पाहिलं. वाईट आहे म्हण, असं प्रत्येक डोळा तिला सांगत होता. तिने मातीकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "फार चांगली आहे."

दादासाहेबांची शेपटी आनंदाने हलली. "पोटातून लिहा, असं तुम्हीच सांगितलंत ना! मग ठरलं. अख्खा संग्रह करायचा. आणि प्रत्येक कथेत वेगळं पात्र हवं." असं म्हणून त्यांनी सभासदांवरून सावकाश नजर फिरवली. वाईट हेतू नव्हता त्यात. लेखकाची ती सवयच असते.

ते गेल्यावर सगळे सारजावर तुटून पडले. म्हणजे चार हातांवरून तुटून पडले.

"पोटातून लिहा म्हणे!" आबासाहेब गरजले. "वाघाला? पोटातून?"

"कमळ काय वाईट होतं?" वत्सलाबाई किंचाळल्या. "कमळाने कोणाचं काय खाल्लं होतं?"

"तूच बिघडवलंस, तूच निस्तर," भुजंगराव म्हणाले.

सारजा खाली मान घालून निघाली. वाटेत ती सारखी विचार करत होती. खोटं बोलून चालणार नव्हतं. दादासाहेब ते लगेच ओळखतील. शिवाय तिला ते जमत नव्हतं. मग त्या कथेत खराखुरा एखादा दोष सापडतो का, ते ती शोधायला लागली. आणि वाघाच्या गुहेशी पोचेपर्यंत तिला तो सापडला.

"दादासाहेब, कथेत एक उणीव आहे. तुम्हाला काय वाटलं ते सगळं आलंय. डुकराला काय वाटलं ते कुठेच नाही."

दादासाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी पानं काढून पुन्हा वाचली. "खरं आहे. पण ते मला कसं कळणार?"

"विचारायला हवं होतं."

"आधी की नंतर?"

"नंतर कोण सांगणार?"

दादासाहेब विचारात पडले. सारजा घरी आली. आता वाघ विचारच करत बसेल, असा तिचा होरा होता. पण तो हाडाचा लेखक झाला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने ओढ्याकाठी दिगू भेकराला गाठलं. एका झेपेत खाली पाडलं, छातीवर पंजा ठेवला आणि कळकळीने विचारलं, "आत्ता नेमकं काय वाटतंय?"

दिगूने डोळे मिटले होते ते उघडले.

मुलांनो, दिगू इतकी वर्षं लिहीत होता, पण त्याला स्वतःबद्दल असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याने सांगायला सुरुवात केली. पाठीत कळ येतेय. आईची आठवण येतेय. आईला अलीकडे दिसत नाही, ती माझ्या भुंकण्यावरून वाट ओळखते. मग त्याने पहिल्यांदा कधी भुंकलो ते सांगितलं. आपला विनोद दुःखातून कसा येतो ते सांगितलं. मंडळाने आपली कशी उपेक्षा केली तेही सांगितलं. दादासाहेबांना पंजा उचलावा लागला, कारण लिहायला तोच लागत होता. ऊन कलेपर्यंत दिगू बोलत होता. शेवटी तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "बरं, आता खा."

दादासाहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"जा बाबा," ते म्हणाले. "तुझी आई वाट बघत असेल."

ते तडक सारजाच्या दाराशी आले. "काय करून ठेवलंस हे? ओळख झाली की घासच उतरत नाही! ज्याची गोष्ट कानांवर पडली, त्याला आता मला खाता यायचं नाही."

सारजाचे डोळे भरून आले. गोष्टींत एवढं बळ असतं असं ती नेहमी म्हणायची. पण खरं सांगायचं तर तिचाही त्यावर पुरता विश्वास नव्हता. "मग आता खाणार काय?" तिने विचारलं.

"ज्यांची गोष्ट ऐकली नाही ते," दादासाहेब म्हणाले. "पोट तर भरायलाच हवं."

दिगूने ही बातमी जंगलभर केली. भुंकायची सवय होतीच. आणि मग काय विचारता! ससे आले, माकडं आली, मुंगूस आलं, लांडोर पिलं घेऊन आली. सगळ्यांना मंडळात नाव घालायचं होतं आणि सगळ्यांना आजच्या आज कथा वाचायची होती. जंगलातल्या सागांवर पान उरलं नाही. कथांची नावं असायची 'मी ससा', 'मी आणि माझं बीळ', 'एका माकडाची कैफियत'. प्रत्येक कथेच्या शेवटी आईवडिलांची नावं आणि राहण्याची खूण दिलेली असायची, म्हणजे ओळख पक्की व्हावी. वाचून झालं की वाचणारा दादासाहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, "लक्षात राहील ना?"

आबासाहेबांना भरून आलं. "आपल्या जंगलात साहित्याची केवढी मोठी चळवळ उभी राहिली!"

पण एक गोष्ट अशी झाली, की कोणी कोणाचं ऐकेना. ज्याचं वाचून झालं तो उठून जायचा. ज्याचं व्हायचं तो आपली पानं लावत बसायचा. दादासाहेबांना ऐकावंच लागे, तेही कंटाळून जात. दिवसभर ऐकून उठले की त्यांना सपाटून भूक लागायची. आणि मग ते न लिहिणारा कोणी सापडतो का ते बघत ओढ्याच्या पलीकडे जायचे.

सोनबा काहीच लिहीत नाहीत, हे सारजाला आठवलं. ती त्यांना शोधत निघाली. ते कातळाजवळ निवांत चरत होते.

"सोनबाकाका, काहीतरी लिहा. दोन ओळी लिहा."

"मी काय लिहू पोरी? गवत खाल्लं, पाणी प्यालो."

"तेच लिहा! आज तेही चालतं."

सोनबा हसले. "सगळेच लिहायला लागले तर ऐकायला कोणी बसायचं? एकाने तरी रिकाम्या हाताने यावं की बैठकीला."

"तुम्ही नुसतं सांगा, मी लिहून घेते," असं म्हणून सारजाने पान पुढ्यात ओढलं. एक काटा उपटून हातात धरला. "हं, जन्म कुठला?"

"ओढ्यापलीकडचा," सोनबा म्हणाले. "ते राहू दे. तुझी ती गोष्ट तयार होती ना? वाघ आला आणि वाचायची राहून गेली ती. काय होतं गं तिच्यात?"

सारजाचा काटा थांबला. इतक्या दिवसांत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. "थोडक्यात सांगते हं," ती म्हणाली आणि सांगायला लागली. सोनबांचे कान पुढे आले. मग ती कशाला थोडक्यात सांगते? तिने सगळी गोष्ट सांगितली, रंगवून सांगितली, एक तुकडा तर पुन्हा सांगितला. उन्हं उतरली तेव्हा ती तृप्त होऊन घरी निघाली. पान तसंच कोरं होतं. उद्या लिहू, असं ती स्वतःशी म्हणाली.

पुढच्या बैठकीला सोनबा आले नाहीत. दादासाहेब आले. पोट भरलेलं होतं.

"दादासाहेब," सारजाने विचारलं, "काल तुम्ही..."

"एक म्हातारं चितळ होतं. ओढ्याजवळ. फारसं पळालंही नाही. का गं?"

"ते सोनबा होते. दर आठवड्याला तुमच्यासमोर बसायचे."

"माझ्यासमोर?" दादासाहेब खरोखरच चमकले. "मी कधी पाहिलं नाही. काय लिहायचे?"

"काही नाही. ऐकायचे."

"अरेरे," दादासाहेब म्हणाले. "मग मी त्यांना ओळखणार कसा?"

मंडळाने शोकसभा घेतली. वत्सलाबाईंनी सोनबांना मरणोत्तर सभासद करून घेतलं. मग सगळ्यांनी लेख वाचले. आबासाहेबांच्या लेखात, सोनबांना आबासाहेबांची छापून आलेली कथा किती आवडायची ते होतं. भुजंगरावांच्या लेखात, भुजंगरावांच्या चिखलाचं वर्णन ऐकून सोनबा कसे हेलावले ते होतं. दिगू स्वतःच्या लेखात आधी हसला, मग सभा शोकसभा आहे हे आठवून थांबला.

दादासाहेबांनी काहीच वाचलं नाही. मी सोनबांवर कथा लिहिणार, एवढंच ते म्हणाले. पण लिहायचं तर माहिती हवी. ते दारोदार हिंडले. सोनबा कुठे राहायचे? लेकरंबाळं होती का? शिंग कशाने मोडलं? कोणालाच ठाऊक नव्हतं. "माझी कथा मात्र मन लावून ऐकायचे हो," एवढंच प्रत्येक जण सांगायचा.

शेवटी ते सारजाकडे आले. सारजाने खूप आठवून पाहिलं. ओढ्यापलीकडे जन्मले, एवढंच तिला सांगता आलं. बाकी तिला त्यांचे कान तेवढे माहीत होते. कानही माहीत होते ते आपली गोष्ट रंगतेय की नाही ते बघण्यापुरते. हे दादासाहेबांना सांगताना तिला इतकी लाज वाटली, की तिने काटे फुलवून तोंड आत लपवलं.

दादासाहेबांनी तरीही लिहिलं. जेवढं कळलं तेवढंच लिहिलं, आणि जे कळलं नाही तेही लिहिलं. मंडळात त्यांनी ती कथा वाचली. मुलांनो, त्या जंगलात तेवढी चांगली कथा आधी कोणी लिहिली नव्हती आणि नंतरही लिहिली नाही. पण ते वाचत असताना आबासाहेब आपली पानं क्रमाने लावत होते. ससे शेवटच्या ओळी मनात घोकत होते. माकडं एकमेकांच्या आधी नंबर लागावा म्हणून पुढे सरकत होती. सारजा ऐकत होती. पण तिचीही पाळी त्याच दिवशी होती, आणि मधेच एकदा तिचं लक्ष आपल्या पानांकडे गेलंच.

कथा संपली.

"कशी वाटली?" दादासाहेबांनी विचारलं.

"छान! छान!" सगळे एका सुरात म्हणाले.

दादासाहेबांनी कान टवकारले. आवाजात भीती आहे का, ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. भीती नव्हती. आवाजात काहीच नव्हतं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळे खाली, आपापल्या पानांत बघत होते. मग त्यांची नजर बेहड्याच्या मुळाशी गेली. तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं बसून गवत दबलेलं होतं.

आपण नेमकं कोणाला खाल्लं, ते दादासाहेबांना तेव्हा कळलं.

"वेळ झाली!" वत्सलाबाई ओरडल्या. "पुढचे लेखक!"

तात्पर्य : मुलांनो, लिहा. रोज लिहा. चांगलं जमलं नाही तरी चालेल, स्वतःबद्दल असलं म्हणजे झालं. लेखकाच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसऱ्याची गोष्ट शेवटपर्यंत गप्प बसून ऐकायची वाईट खोड मात्र लावून घेऊ नका. तुम्हाला ती लागलेली दिसते. वेळीच सोडा.